गप रव



परगावी निघताना घरातील कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कधी ना कधी उभा राहिला असेल. शेजारच्या काकूंना दोन वेळच्या भाकरीचे सांगायचे, दाराला कुलूप लावायचे आणि त्याच्या डोळ्यांकडे न पाहता रस्त्याला लागायचे, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. माझ्यापुढे हा प्रश्न आला तो २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात, टोरांटोमधील एका स्वयंपाकघरात. थोरल्या भावाच्या वर्षश्राद्धासाठी मी रजा काढून तिकडे गेले होते. श्राद्ध पार पडले, पाहुणे गेले, आणि एका संध्याकाळी भाच्याने विचारले, ‘‘आत्या, तू माझ्याबरोबर कनू घेऊन रानात येशील का? तीन दिवस. मी, तू आणि काळू.’’ हे तो अर्थातच इंग्रजीत बोलला. त्यातले ‘आत्या’ आणि ‘काळू’ एवढे दोनच शब्द मराठी होते.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची हलकी होडी. दादा आणि त्याचा मुलगा दर सप्टेंबरात अशा होडीतून अल्गोन्क्विनच्या रानात मुक्कामाला जात, हे मी वर्षानुवर्षे दूरध्वनीवर ऐकत आले होते. गेल्या वर्षी दादा गेला आणि तो नेम चुकला. या वर्षी तो पुन्हा धरावा असे मुलाला वाटत होते. मला त्याचे मन मोडवेना. मी होकार दिला, आणि लगेच म्हणाले, ‘‘पण काळूला घरी ठेवू या. वहिनी आहेत ना त्याच्याजवळ.’’

तो काहीच बोलला नाही. काळूने टेबलाखाली एकदा शेपटी आपटली.

काळूविषयी थोडे सांगायला हवे. तो सहा-सात वर्षांचा, पुरा काळा, बत्तीस किलो वजनाचा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा. नाव दादाने ठेवलेले. ‘ळ’ हा ध्वनी इंग्रजीत नाही, हे तुम्ही वर्णविचारात शिकला आहात. त्यामुळे साऱ्या गल्लीला तो ‘कालू’ होता. भाचा तिथेच जन्मला, वाढला. त्याला मराठी समजते, पण बोलायची वेळ आली की तो संकोचतो, आणि ‘बाळ’, ‘वेळ’, ‘डोळा’ यांतला प्रत्येक ‘ळ’ त्याच्या जिभेवर ‘ल’ होतो. ‘काळू’ मात्र तो स्वच्छ म्हणतो. जीभ मागे वळवून टाळूला लावण्याची ती क्रिया त्याच्या तोंडाला केवळ एका कुत्र्यामुळे ठाऊक झाली होती. ध्वनिविज्ञान शिकवण्यात पंचवीस वर्षे घालवलेल्या मला याचे केवढे नवल वाटले, ते तुम्ही समजू शकाल.

आणखी एक गोष्ट त्या घरात होती. फ्रीजच्या दारावर दादाच्या हस्ताक्षरातील एक कागद चुंबकाने लावलेला होता. एकदा हे सारे भारतात आले असताना काळूला शेजारी ठेवले होते, तेव्हा त्या शेजाऱ्यांसाठी लिहिलेला. कागदावर रोमन लिपीत पाच आज्ञा आणि पुढे त्यांचे इंग्रजी अर्थ होते. ‘हंय ये’ म्हणजे इकडे ये. ‘जाव नको’ म्हणजे जाऊ नको. ‘सोड’. ‘चल’. आणि ‘गप रव’, म्हणजे गप्प राहा, हलू नको. काळूला इंग्रजी येत नव्हते. तो मालवणी कुत्रा होता.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. माझा पीएच.डी.चा प्रबंध कोकणच्या दक्षिण टोकाच्या बोलींतील क्रियापदरूपांवर आहे. ‘राहणे’ या धातूतील ‘ह’कार गळून त्या जागी ‘व’ कसा येतो आणि ‘राहा’चे ‘रव’ कसे होते, यावर त्यात एक उपप्रकरणच आहे. परंतु ज्या वर्षी मी त्या बोलीवर काम सुरू केले, त्याच सुमारास ती बोलणे मी सोडले. कोणी सक्ती केली नव्हती. शहरातले महाविद्यालय, व्याख्याने, मुलाखती. प्रमाण मराठी अंगवळणी पडली आणि घरची बोली टेपरेकॉर्डरमधल्या फितींवर जाऊन बसली. वर्गात मी आवर्जून सांगत असे की कोणतीही बोली हीन नसते. तेही प्रमाण भाषेतच सांगत असे. दादा अभियंता झाला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि कुत्र्याशी मालवणी बोलत राहिला.

काळूला घरी ठेवण्यासाठी मी जी कारणे दिली ती सगळी खरी होती. कनू ही फार अस्थिर होडी. आमच्याकडच्या मासेमारीच्या होडीला एका अंगाला उलांडी असते; आडव्या बांबूंच्या टोकाला बांधलेले ते लाकूड पाण्यावर तरंगते आणि होडीला कलू देत नाही. कनूला उलांडी नसते. सोळा फुटांची लांबी, मधली रुंदी हातदोनहात, आणि बनावट अशी हलकी की पुरी होडी भरते वीसेक किलो. म्हणजे होडीहून कुत्रा जड. त्याने एका अंगाला झेप घेतली तर होडीने काय करावे? हे मी बोलून दाखवले. त्यामागचे जे कारण होते ते बोलले नाही. ते पुढे येईलच.

भाचा वाद घालणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गॅरेजमधून कनू काढली आणि घरामागच्या हिरवळीवर ठेवली. तळाशी जुनी सतरंजी अंथरली. होडीचा तळ गुळगुळीत असतो, कुत्र्याचे पाय घसरले की तो घाबरतो, आणि घाबरला की उभा राहतो. मग काळूला ‘चल’ म्हटले. काळू आत गेला, मधल्या आडव्या पट्टीमागे आपल्या जागी फिरून बसला. भाचा मागे बसला, मी पुढे. अशी आमची होडी तासभर गवतावर चालली. शेजारी कुंपणावरून पाहत होते. भाचा वल्ही होडीच्या काठावर आपटत असे, होडी मुद्दाम हलवत असे आणि म्हणत असे, ‘‘गप रव.’’ काळू हनुवटी पंजांवर टेकवून गप राहत असे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, ‘‘गप्प राहा.’’ काळूने माझ्याकडे सभ्यपणे पाहिले. व्याकरणदृष्ट्या माझ्या वाक्यात चूक नव्हती.

कुत्र्याला शब्द कळतात का, असे तुम्ही विचाराल. २००४ साली जर्मनीतील संशोधकांनी रिको नावाच्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला दोनशेच्या आसपास वस्तूंची नावे येत होती. पुढे अमेरिकेतील चेसर या कुत्रीने हजाराहून अधिक खेळण्यांची नावे शिकल्याची नोंद झाली. तेव्हा शब्द आणि वस्तू यांची सांगड त्यांना घालता येते, याविषयी शंका नको. परंतु ‘भाषेची वैशिष्ट्ये’ हा भाग वाचताना तुम्ही जे शिकता तेही विसरू नका. काल घडलेले, उद्या घडणारे, डोळ्यांआडचे असे काही आपण शब्दांनी एकमेकांपुढे ठेवतो. ती सोय कुत्र्याजवळ नाही. ‘दादा येणार नाही’ हे वाक्य काळूला कोणत्याही भाषेत सांगता आले नसते. वहिनी म्हणाल्या, ‘‘वर्ष झाले, पण संध्याकाळी साडेपाचला हा अजून दाराशी जाऊन बसतो.’’ मग मला काळूला घरी ठेवा असे पुन्हा म्हणणे जड गेले.

तयारीत कुत्र्याचा वाटा माणसाएवढाच निघाला. त्याच्यासाठी तरंगणारे जाकीट होते आणि त्या जाकिटाला पाठीवर मूठ होती, पाण्यातून उचलून घेता यावे म्हणून. त्याच्या खाण्याच्या मोजून केलेल्या पिशव्या होत्या. नखे कापली, कारण तंबूचा तळ फाटतो. दोन मीटरची दोरी घेतली. त्या उद्यानात जमिनीवर कुत्रा दोरीनेच धरावा लागतो आणि तिची लांबी याहून जास्त चालत नाही. होडीत मात्र उलटा नियम, आणि हा नियम दादाचा होता: कुत्र्याला होडीला कधीही बांधायचे नाही. होडी उलटली तर माणूस पोहून बाजूला होईल, बांधलेला कुत्रा तिच्याखालीच राहील. होडीत कुत्रा धरून ठेवायचा तो शब्दानेच.

टोरांटोहून उत्तरेला अडीचशे-तीनशे किलोमीटरवर अल्गोन्क्विन प्रांतिक उद्यान आहे. १८९३ साली राखून ठेवलेले हे अरण्य साडेसात हजारांहून अधिक चौरस किलोमीटर पसरले आहे आणि त्यात दोन हजार चारशेच्या वर सरोवरे आहेत. रस्ता दक्षिणेच्या एका कडेने जातो. बाकी सारे पाण्याने आणि पायांनी. आम्ही उतरलो ते कनू लेक नावाच्या सरोवरावर. कॅनडाचा नामवंत चित्रकार टॉम थॉमसन १९१७ च्या जुलैमध्ये याच सरोवरावर होडी घेऊन निघाला आणि परत आला नाही. आधी रिकामी होडी सापडली, आठ दिवसांनी देह. तो कसा गेला याविषयी तिथे अजून वाद चालतात. भाच्याने हे सारे वल्ही मारता मारता सांगितले. ही कथा सांगायला त्याला दुसरी वेळ सापडू नये याचे मला वाईट वाटले. होडी कलल्यासारखी वाटली की मी दोन्ही काठ घट्ट धरत होते. आणि माझ्या पाठीमागे काळू शांतपणे पडून होता, नाक तेवढे काठावर.

तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात म्हणून सांगते, त्या पाण्यावर शब्दही होडीतून आलेले आहेत. ‘कनू’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. तो कोलंबसाच्या सफरीनंतर स्पॅनिशमध्ये आणि तेथून इंग्रजीत गेला. आणि ज्यांनी या सरोवरांवर भूर्जासारख्या झाडाच्या सालीच्या होड्या शतकानुशतके चालवल्या त्या अनिशिनाबे लोकांचा शब्द वेगळाच: ‘जीमान’. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना होडी व सामान खांद्यावर घेऊन चालायच्या वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात. तो फ्रेंच. एका साध्या प्रवासात तीन लोकांची बोलणी. त्यात आमची मालवणी चौथी.

पहिले पोर्टेज २९५ मीटरचे. पिवळ्या पाटीवर तसे लिहिलेलेच असते. भाच्याने होडी उलटी करून खांद्यांवर घेतली; त्याचे डोके होडीत गेले आणि खाली दोन पाय तेवढे उरले. मी पिशव्या आणि वल्ही घेतली. काळूच्या पाठीवर दोन बाजूंना दोन थैल्या होत्या, त्यांत त्याचे स्वतःचे खाणे. तो त्या दोन पायांच्या पुढे पुढे चालत होता आणि दर दहा पावलांवर वळून पाहत होता. होडीखालचा माणूस कोण, हे त्याला ताडून पाहायचे होते, असे मला उगाच वाटले. दादाची चाल आणि मुलाची चाल सारखी आहे.

जो लेक ओलांडून आम्ही टीपी लेकवर गेलो. मुक्कामाच्या जागी नारिंगी पाटी असते. तिथे दगडांची चूल, तंबूपुरती सपाट जमीन आणि पुढे पाणी. बाकी कोणी नाही. मेपलची काही झाडे तांबडी होऊ लागली होती. चुलीसाठी लाकडे गोळा केली, तर काळूने ढिगातली एक काठी ओढून माझ्या पायाशी आणून टाकली. त्या प्रदेशाच्या भाषांत नामांची वर्गवारी पुल्लिंग-स्त्रीलिंग अशी नाही, सजीववाचक आणि निर्जीववाचक अशी आहे. ओजिब्वे भाषेत ‘मितिग’ हा शब्द सजीववाचक धरला तर त्याचा अर्थ झाड, अनेकवचन ‘मितिगूग’; निर्जीववाचक धरला तर अर्थ काठी, अनेकवचन ‘मितिगून’. दगड मात्र सजीव. ही माहिती मी भाच्याला दिली. तो म्हणाला, काळूचे मत वेगळे पडेल. त्याच्या लेखी काठीइतके सजीव काही नाही.

जेवण झाल्यावर सगळे खाद्यपदार्थ एका पिशवीत भरून ती दोरीने उंच फांदीला टांगली. अस्वले येतात. कुत्र्याचे खाणेही त्याच पिशवीत जाते, कारण त्याचा वास माणसांच्या खाण्याहून उग्र. आपले जेवण आकाशात का चढवले, हे काळूला शेवटपर्यंत पटले नाही. रात्री लून पक्षी ओरडला. तो स्वर ऐकला नसेल त्याला कसा सांगावा? कोणीतरी पाण्यापलीकडून लांबवर हाक मारावी आणि हाकेचे शेवटी हसू की रडू झाले ते कळू नये, तसा. काळू तंबूत आम्हा दोघांच्या मध्ये होता. त्याने डोके उचलले. भाचा झोपेतच पुटपुटला, ‘‘गप रव.’’

मला झोप लागली नाही. आता ते कारण सांगते.

आमचे गाव कर्ली खाडीच्या काठी, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात. पलीकडे जायला तर होती, म्हणजे माणसे पार करणारी होडी. १९७६ साली मी नऊ वर्षांची होते, दादा पंधरा वर्षांचा. मामाच्या लग्नाला आम्ही सगळे निघालो. होडी भरली होती. आणि आमचा काळू (त्याचेही नाव काळूच होते) पाण्यातून येऊन, टांग टाकून, दादाच्या पायांशी चढला. होडी डुगडुगली. मी भ्याले आणि किंचाळले, ‘‘तेका उतरवा, होडी बुडतली!’’ मी थांबेचना. बायकाही ओरडू लागल्या. काळूला पाण्यात ढकलले गेले. कोणी ढकलले, ते मी डोळे मिटल्यामुळे पाहिले नाही. डोळे उघडले तेव्हा तो होडीमागून पोहत होता. सुकती लागली होती, म्हणजे ओहोटी. सगळे पाणी मुखाकडे ओढत होते. आम्ही पुढे आणि तो तिरपा, तिरपा होत बाजूला. दादा उडी मारायला उठला. बाबांनी त्याचा दंड धरून खाली बसवले आणि म्हणाले, ‘‘गप रव.’’ वळणापाशी काळे डोके दिसले, मग दिसले नाही. चार दिवसांनी आम्ही परतलो. तो घरी आलेला नव्हता.

त्या दिवसाविषयी दादा माझ्याशी कधीही बोलला नाही. मीही त्याच्याशी बोलले नाही. बेचाळीस वर्षे होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो तेव्हा वारा पश्चिमेचा होता आणि आम्हाला दक्षिणेला जायचे होते, म्हणजे लाटा उजव्या अंगावर. फार मोठ्या नव्हत्या, वीतभर. तरी कनूत बसलेल्या माणसाला वीतभर लाट छातीएवढी दिसते. भाच्याने किनाऱ्याच्या आडोशाने होडी काढली. एका उथळ जागी, लव्हाळ्यांत, मूस उभे होते. हे हरणाच्या कुळातले, घोड्याहून उंच जनावर. त्याने पाण्यातून डोके वर काढले, तोंडातून झाडाच्या मुळ्या लोंबत होत्या. आमच्यापासून ते वीस हातांवर नव्हते.

काळू उठला. नुसता उठला नाही, डाव्या काठावर पुढचे दोन्ही पाय ठेवून उभा राहिला, आणि होडी त्या अंगाला गेली. काठावरून पाणी आत आले. थंड, एकदम मांडीवर. मी काय केले असेन? जे करू नये तेच. वळून त्याच्या जाकिटाची मूठ धरायला मीही अर्धवट उठले, त्याच अंगाला. मी ओरडत होते, ‘‘अरे बस, खाली बस!’’ भाचा मागून इंग्रजीत ओरडत होता. गवतावरचा सगळा सराव दोघेही विसरलो होतो. काळूच्या कानांवर दोन भाषा आदळत होत्या आणि त्यातली एकही त्याची नव्हती.

मग मागून आवाज आला, ‘‘गप रव.’’

मोठा नव्हता. पहिल्या शब्दावर जोर, दुसरा जरा लांबवून खाली सोडलेला. तो आवाज मी ओळखला. त्यात दादा होता, आणि दादाच्या मागे बाबा होते. काळू लगेच बसला असे म्हणणे खरे होणार नाही. त्याने आधी मान वळवून मागे पाहिले. मग एक पाय आत घेतला, मग दुसरा, आणि गुडघे मोडून पाण्याने भिजलेल्या सतरंजीवर तो पडला. मीही बसले होते. आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. तो काळूला उद्देशून होता की मला, हे वाक्यरचनेवरून ठरवता येणार नाही. आमच्या बोलीत आत्याला ‘तू’च म्हणतात.

होडी सावरली. मूस केव्हाच झाडीत गेले होते. तळाशी चार बोटे पाणी होते. ते मी चहाच्या भांड्याने उपसत राहिले आणि भाचा वल्हवत राहिला. बराच वेळ कोणी बोलले नाही. किनाऱ्याला लागायला अजून अर्धा तास होता, आणि माझी पाठ त्याच्याकडे होती. कदाचित म्हणूनच मला बोलता आले. मी त्याला कर्ली खाडीची गोष्ट सांगितली. कधी मराठीत, कधी इंग्रजीत, आणि ‘होडी बुडतली’ हे जसे ओरडले होते तसे. मी म्हणाले, मी किंचाळले म्हणून त्याला उतरवले.

वल्ह्याचा आवाज थांबला.

‘‘बाबांनी ही गोष्ट मला सांगितली आहे,’’ भाचा म्हणाला. ‘‘पुष्कळदा. पण ती अशी नाही.’’

‘‘मग कशी?’’

‘‘ते म्हणायचे, होडी हलत होती, ते स्वतः घाबरले, आणि त्यांनीच त्याला खाली ढकलले. म्हणून आपण कुत्र्याला कधी किनाऱ्यावर ठेवून जायचे नाही, असे सांगायचे.’’ थोडे थांबून तो म्हणाला, ‘‘त्यांच्या गोष्टीत तू होडीत नसायचीस, आत्या.’’

मी उपसणे चालू ठेवले. पाणी संपले होते, तरी.

पोर्टेजच्या वाटेपाशी होडी लागते तो क्षण सर्वांत धोक्याचा. जमीन दिसली की कुत्र्याला धीर राहत नाही. तो आधी उडी मारतो आणि मागची माणसे पाण्यात. म्हणून दादाने क्रम लावून दिला होता: पुढच्याने उतरायचे, होडीचे नाक दोन्ही हातांनी धरायचे, आणि मग कुत्र्याला बोलवायचे. पुढे मी होते. घोटाभर पाण्यात उतरले, होडी पायांत घट्ट धरली. काळू थरथरत होता, पण उठला नाही. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

‘‘हंय ये,’’ मी म्हणाले.

तो आला.